मानसशास्त्राची पदवी : काय शिकवतात आणि काय शिकवत नाहीत

बारावीचा निकाल लागला की आमच्या बेळगावात पंधरा-वीस दिवस घरोघरी एकाच विषयाची चर्चा असते. त्या दिवसांत दवाखान्यात येणारे आजोबा नाडी दाखवता दाखवता विचारतात, "डॉक्टर, नात सायकॉलॉजी घ्यायची म्हणते. घेऊ द्यावी का?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा आला, की मंडळाने यंदाच्या व्याख्यानमालेसाठी वैद्यकाशी जवळचा विषय मागितला तेव्हा मला शोधाशोध करावी लागली नाही.

या प्रश्नामागे दोन समजुती असतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पहिली अशी, की हा आर्ट्सकडचा सोपा विषय, सायन्सला गुण कमी पडले की घ्यायचा. दुसरी अशी, की तीन वर्षांनी मुलगी 'मनाची डॉक्टर' होऊन बाहेर पडेल आणि पाटी लावेल. दोन्ही चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी अधिक महागात पडते, कारण ती चुकीची असल्याचे कळते तेव्हा तीन वर्षे संपलेली असतात.

मी होमिओपॅथ. मानसशास्त्राचा पदवीधर नव्हे. पण माझ्या भाचीने ही पदवी घेतली आणि त्या काळात तिची पुस्तके, प्रात्यक्षिकांच्या वह्या मी रात्री दवाखाना बंद केल्यावर वाचून काढल्या. नंतरही वाचत राहिलो. पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातून आणि माझ्या व्यवसायात रोज कानावर पडते त्यातून.

आधी पाट्यांचा गोंधळ निस्तरू. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. मनोविकाराची आधुनिक औषधे तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, मानसोपचाराच्या बैठका घेतो. त्यासाठी मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी, त्यानंतर रुग्णालयात राहून घेतलेले प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव, इतके सगळे लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने चालते. तिसरा समुपदेशक, म्हणजे शाळा-कॉलेजात, कारखान्यात किंवा कुटुंबांसाठी काम करणारा काउन्सेलर. या तिसऱ्या नावाला आजवर कायद्याचे कुंपण नीटसे नव्हते, म्हणून पाट्या वाढल्या. चार रविवारचा वर्ग करून 'काउन्सेलर' झालेले लोक तुम्हीही पाहिले असतील.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. तिच्यात मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेला होमिओपॅथही बसतो. नुसता बीएचएमएस बसत नाही. म्हणजे मी बसत नाही, आणि माझ्या व्यवसायबंधूंनी हे ध्यानात ठेवलेले बरे. बी.ए. मानसशास्त्र झालेली मुलगीही बसत नाही. ही पदवी वरच्या तीनपैकी कुठल्याही पाटीचा परवाना नव्हे.

मग या पदवीत असते काय?

पहिल्या वर्षी सामान्य मानसशास्त्र. म्हणजे संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व. पुढे मुलांच्या वाढीचे, समाजातल्या वागण्याचे, उद्योगातले आणि अपसामान्य मानसशास्त्र. फ्रॉइडच्या ओढीने आलेल्या मुलांना पहिला धक्का असा बसतो, की फ्रॉइड काही पानांत आटोपतो आणि संख्याशास्त्र मात्र संपता संपत नाही. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. गणित सुटले म्हणून आर्ट्सला आलेली मुले इथे अडखळतात, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी त्यांना कुणी सांगत नाही.

हे असे का? कारण या विषयाने तत्त्वज्ञानापासून वेगळे घर थाटले तेच मोजमापाच्या जोरावर. विल्हेल्म वुंटने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून हा विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून मोजला जातो. आपल्याकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात आणि १९२४ साली म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचे विभाग सुरू झाले. म्हैसूर आपल्याच राज्यातले, म्हणजे हे शास्त्र काल-परवा मुंबई-पुण्याहून आलेले खूळ नव्हे.

आमच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. अवग्रह म्हणजे काहीतरी आहे एवढी पहिली जाणीव, ईहा म्हणजे ते काय असावे याची चौकशी, अवाय म्हणजे निश्चय आणि धारणा म्हणजे ते मनात टिकणे. चातुर्मासात हे प्रवचनातून ऐकलेला माणूस मानसशास्त्राचे पहिले पुस्तक उघडतो तेव्हा त्याला ओळखीचे वाटते. पण तेवढ्यावरून 'सगळे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणून पुस्तक मिटू नये. पहिल्या पायरीपासून तिसरीपर्यंत जायला किती वेळ लागतो, तो थकल्यावर किती वाढतो, सत्तरीत किती वाढतो, हे सेकंदाच्या अंशात मोजायचे काम या प्रयोगशाळांनी केले.

प्रात्यक्षिके हा पदवीचा सर्वांत रसाळ भाग. एक उदाहरण देतो. हरमान एबिंगहाउसने १८८५ साली स्मृतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. जुन्या आठवणींची मदत होऊ नये म्हणून त्याने अर्थ नसलेले शब्दांश बनवले, ते पाठ केले आणि किती काळाने किती विसरतो ते नोंदवत गेला. विसरणे सुरुवातीला भराभर होते, मग त्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसले. हाच प्रयोग आपल्या मुलांना करायला देतात तेव्हा बेळगावात एक गंमत होते. निरर्थक शब्दांश सापडतच नाहीत! 'होग' हा मराठी मुलाला निरर्थक, पण कन्नड येणाऱ्याला तो 'जा' असा ऐकू येतो. शेजारी कोकणी, घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. आपल्या मुलांच्या कानाला रिकामा शब्द मिळणे अवघड. भाचीने शेवटी चार भाषांतून गाळून यादी केली होती, त्यात तिचे दोन दिवस गेले.

साहित्य मंडळाच्या वाचकांना आवडेल असा दुसरा प्रयोग १९७४चा, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या फिती दाखवल्या आणि वेग किती असावा असे विचारले. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले. गाड्या एकमेकींवर 'आदळून चेचल्या' तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. 'एकमेकींना लागल्या' अशा सौम्य क्रियापदाने विचारल्यावर सुमारे ३२. फिती त्याच, पाहणारे एकाच तऱ्हेचे, एका क्रियापदाने ताशी ९ मैल वाढवले. शब्दाला वजन असते असे आपण साहित्यात नेहमी म्हणतो. इथे ते वजन काट्यावर ठेवून दाखवले आहे.

रोग्याला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये, असे हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये बजावले आहे आणि आम्ही ते पहिल्या वर्षापासून घोकतो. 'रात्री जास्त होते ना?' असे विचारायचे नाही, 'केव्हा जास्त होते?' असे विचारायचे. पण सुचवल्याने उत्तर नक्की किती सरकते, हे मला कळले ते मानसशास्त्राच्या वहीतून.

आता एका जवळच्या माणसाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. ती भारतीय मुलांना लागू करण्याचे काम व्ही. व्ही. कामत यांनी केले. १९३४ साली त्यांनी त्यावर लिहिलेल्या निबंधाचे नावच सांगते, की हे काम कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी होते. १९४०मध्ये त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक आले. तेव्हा हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही देशभर दवाखान्यांतून वापरली जाते. एका मुलखाच्या दोन भाषांना एकाच कामात एकत्र बसवणारा हा अभ्यास होता, आणि त्याबद्दल कुणी भांडले नाही.

अशी चाचणी नुसते भाषांतर करून का चालत नाही, हे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवतात आणि माझ्या मते पदवीतला सर्वांत उपयोगाचा धडा हाच. एखादा प्रश्न सात वर्षांच्या मुलाचा की आठ वर्षांच्या, हे कुणी टेबलाशी बसून ठरवत नाही. त्या वयाची पुष्कळ मुले घेऊन त्यांतल्या किती जणांना तो जमतो ते पाहावे लागते. पॅरिसच्या मुलाला सहाव्या वर्षी जमणारा प्रश्न इकडच्या मुलाला आठव्या वर्षी जमेल, दुसरा एखादा उलट पाचव्यालाच जमेल. याला प्रमाणीकरण म्हणतात. तेच काम काही दशकांनी पुन्हा करावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या अशा चाचण्यांतले गुण वाढत जातात असे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवले आहे, आणि जुन्या मापाने आजचे मूल मोजले तर आकडा फुगलेला येतो.

आता आपले मूल डोळ्यांपुढे आणा. घरी ते 'काय करूलास?' म्हणणाऱ्या आजीबरोबर वाढले. चाचणी घेणारी व्यक्ती पुस्तकी मराठीत, नाहीतर इंग्रजीत विचारते. मूल क्षणभर थांबते. तो थांबलेला क्षण बुद्धीचा की भाषेचा? अहवालात मात्र एकच आकडा येतो, आणि त्या आकड्यावर कधी शाळा बदलते, कधी 'मंद' हा शिक्का आयुष्यभर बसतो. असा अहवाल हातात आला तर चाचणी कोणत्या भाषेत घेतली आणि तिचे प्रमाणीकरण कोणत्या मुलांवर झाले होते, हे दोन प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मानसशास्त्राची चांगली विद्यार्थिनी हेच प्रश्न आधी विचारते.

प्रश्न विचारायला शिकवणारा विषय घरात आला की तो घरच्यांनाही सोडत नाही. भाची दुसऱ्या वर्षाला असताना एकदा म्हणाली, "मामा, तुमच्या गोळीची नुसत्या साखरेच्या गोळीशी तुलना केलीत का? देणाऱ्यालाही ठाऊक नाही अशा पद्धतीनं?" मला राग आला नाही असे म्हणणार नाही. माझ्याकडे अनुभव होता. तिला अनुभव नको होता, तुलना हवी होती. आमच्या पद्धतीवर हा आक्षेप जगभर घेतला जातो आणि तो मला माहीत आहे. रोग्याला बरे वाटण्यात गोळीचा भाग किती, आजार आपोआप ओसरण्याचा किती आणि तासभर शांतपणे ऐकून घेण्याचा किती, हे वेगळे काढायची रीत या पदवीत शिकवतात. ज्या घरात वैद्य, ज्योतिषी किंवा बाबा यांच्याविषयी प्रश्न चालत नाहीत, त्या घराने आपल्या मुलीला हा विषय घेऊ देताना ही तयारी ठेवावी.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला, की आणखी एक गोष्ट हमखास घडते. मुलांना प्रत्येक विकार स्वतःत दिसू लागतो आणि उरलेले नातेवाइकांत. आम्हीही मटेरिया मेडिका वाचताना लायकोपोडियमच्या वर्णनात काका आणि पल्सेटिलात धाकटी बहीण शोधत असू. चार-सहा महिन्यांत हे ओसरते. तोवर घरातल्यांनी हसून घ्यावे. न ओसरले आणि मुलगी खरोखरच खचलेली दिसली, तर मात्र तिला मदतीला न्यावे. स्वतःच्या मनाचे कोडे सोडवायला या विषयाकडे येणारी मुले असतात, आणि पदवीचा वर्ग हा उपचार नव्हे.

पुढच्या वाटा थोडक्यात. कर्नाटकात २०२४-२५पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली आहे आणि तिच्यात मानसशास्त्राबरोबर आणखी दोन विषय समान वजनाने घ्यावे लागतात. महाराष्ट्रात व गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या ऑनर्सची सोय आहे. सीमेवरच्या घराला कोल्हापूर, धारवाड आणि गोवा तिन्ही जवळ, म्हणून हा फरक आपल्याला इतरांपेक्षा जास्त भिडतो. चौथे वर्ष संशोधनाकडे जाणाऱ्याला उपयोगी. क्लिनिकलची जुनी वाट एम.ए. आणि मग दोन वर्षांची एम.फिल. अशी होती. एम.फिल. ही पदवी आयोगाने आता बंद केली आणि या विषयापुरती २०२५-२६पर्यंत मुदत ठेवली होती. त्यामुळे प्रवेश घेताना पुनर्वास परिषदेने मान्य केलेले चालू अभ्यासक्रम कोणते आणि कोणत्या संस्थेत, ते परिषदेच्याच यादीत पाहावे. एजंटाच्या पत्रकावर विसंबू नये. दुसरी मोठी गोष्ट अशी, की २०२१च्या सहयोगी आरोग्यव्यवसायांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांना आरोग्याच्या यादीत घेतले आणि २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षणाचे व ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितले. 'घरबसल्या करून घेईल' हा पर्याय आता धरू नका. सगळ्यांनी क्लिनिकलच करावे असेही नाही. समाजकार्य, विशेष मुलांचे शिक्षण, कारखान्यांतील मनुष्यबळ विभाग, बी.एड. या वाटांनाही ही पदवी नीट उपयोगी पडते. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ साली ज्यांनी उभी केली ते अप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच डॉक्टरेट होते.

पाटी लावण्याइतके शिक्षण झाले तरी आपल्यासारख्या जुन्या वस्तीच्या गावात एक अडचण उरते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आत बसलेली समुपदेशक कुणाची तरी सून आहे, म्हणून पायरी चढायला लोक कचरतात. गुप्तता हा या व्यवसायाचा पहिला नियम, आणि गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत तो पाळणे हे इथल्या मुलीला मुंबईच्या मुलीपेक्षा जास्त जड जाणार. पण ती गावचीच असणे हे जमेलाही धरावे लागेल, आणि त्याचे कारण भाषा.

निम्हान्सने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि विकारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्यामागे डॉक्टरांची वाण आहे, पैसा आहे, लाज आहे. पण आपले दुखणे ज्या शब्दांत आहे ते समोरच्याला न कळणे, हेही एक कारण मी रोज पाहतो. बाई येते आणि म्हणते, "जीव वर-खाली होतो." दुसरी म्हणते, "पोटात गोळा येतो", "छातीत कालवतं", "कशात मन लागत नाही", "डोक्यात मुंग्या चालतात". यातले एकही वाक्य पदवीच्या इंग्रजी पुस्तकात नाही. तिथे 'अँग्झायटी' आणि 'डिप्रेशन' आहे. 'जीव वर-खाली होतो' म्हणजे काळजी की भीती की हृदयाचा आजार, हे ठरवायला ते वाक्य लहानपणापासून ऐकलेले असावे लागते. प्रश्नावली मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायची, अशी रीत आहे. ते काम करणाऱ्याला मानसशास्त्र यावे लागते आणि आजीचे मराठीही. बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या घरांतल्या मराठीत तर आणखी वेगळे शब्द असतील. ते कुणी गोळा केले आहेत का, हा प्रश्न मी मंडळाच्या भाषा-समितीपुढे ठेवतो. वाचकांनी आपल्या घरातली अशी पाच-दहा वाक्ये लिहून पाठवली तरी सुरुवात होईल.

प्रवेशाला जाल तेव्हा कॉलेजात प्रयोगशाळा दाखवायला सांगा. आरशात बघून चांदणी गिरवायचे उपकरण आणि चाचण्यांचे संच कपाटात आहेत का, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा. मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकांची वही चाळा. आणि भाषेचा पेपर निवडायचा रकाना येईल, तिथे कॉलेजात मराठीची सोय असेल तर गुण जास्त मिळतात म्हणून दुसरी भाषा लिहू नका. या मुलीला मराठी पुढे कामात लागणार आहे.